चहाच्या रंगाचा प्लग

आमच्या घरात दोन गोष्टी उजेडाकडे धरून बघायची पद्धत होती. एक एक्स-रे आणि दुसरा लूनाचा प्लग. एक्स-रे क्वचित निघायचा. प्लग महिन्यातून दोनदा तरी निघे, आणि १९८६ सालच्या पहिल्या चार महिन्यांत तर जवळजवळ रोज. सकाळी साडेसहाला अण्णा अंगणात उकिडवे बसत, पाना लावून प्लग सैल करत, मग बोटांनी फिरवून अलगद बाहेर काढत आणि उगवतीकडे तोंड करून, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहत. मागे आम्ही तिघं भावंडं दात घासत उभी.

"काय रंग?" आई आतून विचारी.

"काळा," अण्णा म्हणत. मग स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज येई.

रंग चहाचा हवा असतो, हे आम्हाला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ झालेलं होतं. दूध घातलेल्या, जरा उकळलेल्या चहाचा. प्लगच्या टोकाशी जी पांढरी चिनी मातीची नळी असते ती त्या रंगाची झाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं जमलं. पांढरीफटक पडली तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काळी झाली तर काहीतरी जास्त. काय जास्त, तिथंच खरी भानगड असते, आणि आमच्या घरानं त्यात चार महिने घालवले.

लूना आमच्या गावची, हे आधी सांगायला हवं. बाकीच्या महाराष्ट्रानं ती दुकानातून आणली असेल, नगरकरांनी ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना पाहिली. कुंदनमल फिरोदिया नगरचे वकील, १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली, दौंड रस्त्यावर कारखाना घातला आणि १९७२ साली लूना आणली. इटलीच्या पिआज्जिओ कंपनीची चाओ नावाची मोपेड होती, तिच्या धर्तीवरची ही ५० सीसीची गाडी. पायडल होते, म्हणून सायकलवाल्याला भीती वाटत नसे, आणि गिअर नव्हते, म्हणून शिकायला एक संध्याकाळ पुरे. पुढे दूरदर्शनवर पीयूष पांडे यांनी केलेली तिची जाहिरात लागायची तेव्हा आमचा धाकटा उठून उभा राहायचा. गावचं कुणीतरी टीव्हीवर आलंय, एवढंच त्याला कळत होतं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, बदली जेऊरला. औरंगाबाद रस्त्यानं रोज जायचं-यायचं. चेतकसाठी नंबर लावला होता, पण चेतकच्या नंबराचं काय असायचं ते त्या पिढीला सांगायला नको. लग्न ठरताना लावलेला नंबर मुलाच्या मुंजीला लागावा, अशी गत. तेव्हा पतपेढीचं कर्ज काढून निळी लूना आली. आईनं हँडलला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्याच्यात तेल घालायचं माप माझ्याकडं राहील."

टू-स्ट्रोक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, अशी एक पिढी आता गाड्या चालवते, म्हणून थोडं थांबतो तर राग मानू नये. त्या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसे. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर आत जाई, पिस्टनला वंगण देई आणि शेवटी जळून जाई. जळून जाई म्हणायचं, पण पुरतं जळत नसेच. थोडं निळ्या धुरातून जाई, थोडं सायलेन्सरात बसे, थोडं प्लगवर. स्कूटरला शेकडा दोन, म्हणजे लिटरला २० मिली, असं तेव्हाचं सर्वसाधारण माप. मोपेडला किती, यावर गल्लीत दोन तट होते. पंपावरचा पोरगा मोजमापात हात सैल सोडायचा, तेव्हा आईनं खोकल्याच्या औषधाचं टोपण राखून ठेवलं. तेलाचा डबा गव्हाच्या कोठीमागे आणि टोपण दाराच्या खिळ्याला. टाकीत तेल ओतलं की गाडी दोन्ही हातांनी धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवायची. घुसळल्याखेरीज तेल पेट्रोलमध्ये नीट उतरत नाही. हे काम धाकट्याचं. तो ते ताक घुसळल्यासारखं तोंडानं आवाज काढत करायचा. तिकडे पूर्व जर्मनीत ट्रॅबंट नावाची मोटार होती, तिच्याही पेट्रोलमध्ये असंच तेल घालावं लागे. तिथल्या घरांतही एखादं टोपण खिळ्याला असणार, असं मला आपलं वाटतं.

दुसरं काम कॉकीचं. घर दोनशे पावलांवर आलं की अण्णा पेट्रोलची कॉकी बंद करत. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल त्या दोनशे पावलांत संपे आणि गाडी बरोबर दाराशी येऊन गपकन थांबे. का, तर वाटीत पेट्रोल रात्रभर राहिलं की उडून जातं आणि मागे नुसतं तेल उरतं. सकाळी पहिल्या दमाला तेच प्लगवर. आई रोज रात्री स्टोव्हची हवा सोडी, दाराला कडी लावी आणि कॉकी पडताळून येई. कार्यक्रमाचा क्रम कधी बदलला नाही.

तर इतकं सगळं रीतसर चाललेलं असताना, त्या जानेवारीत प्लग काळा पडायला लागला.

गाडी सुरू व्हायची. गावात नीट चालायची. इमामपूरच्या बाजूचा उघडा रस्ता लागून अण्णांनी मूठ पुरती पिळली, की मग घशात काहीतरी अडकल्यासारखी गुळण्या करायची. भर्र-भर्र जाण्याऐवजी भड, भड, भड. एक ठोका लागे, एक चुके. पुढं कुठंतरी बंद. अण्णा रस्त्याच्या कडेला गाडी लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला राखीव प्लग काढत, तापलेला प्लग त्याच फडक्यानं धरून सोडवत, दुसरा लावत, पायडल मारत. शाळेची प्रार्थना दोनदा चुकली. हेडमास्तर भले होते, पण प्रार्थना चुकण्याची नोंद घेणारे होते.

पहिला संशय तेलावर. अण्णांनी टोपणातलं तेल कमी केलं. आईनं हरकत घेतली, पण मापाची मालकी त्या आठवड्यापुरती काढून घेण्यात आली. प्लग काळाच. दुसरा संशय पंपावर. रॉकेल मिसळतात, असं गल्लीतले सगळेच म्हणत, आणि तेव्हा ते म्हणणं फार वावगंही नव्हतं. पंप बदलला. काळा. मग हवेचा फिल्टर. नगर तालुक्याचा तो दुष्काळाचा उन्हाळा, रस्त्याकडेची माती पिठासारखी उडायची. फिल्टर पेट्रोलात धुतला तेव्हा खाली चांगला बोटभर गाळ बसला, आणि अण्णा खुशीत म्हणाले, "सापडला चोर." फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, पेट्रोल आपोआप जास्त होतं, प्लग काळा होतो. म्हणजे तर्क बरोबर होता. दोन दिवस फरकही वाटला. तिसऱ्या दिवशी काळा.

मग सायलेन्सर. तो काढून, मागच्या पडवीत गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा आणि आतली काजळी ठोकून पाडायची. त्यातून निघालेला धूर शेजारच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर गेला. त्या शेजारणीशी आमचे संबंध पुढं वर्षभर कुरडईसारखेच होते, वरून पांढरे आणि हात लावला की मोडणारे.

मधल्या काळात प्लग साफ करण्याचा एक कारखानाच घरात निघाला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा. ब्लेडचा तुकडा अशासाठी, की प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण पाऊण मिलिमीटरच्या आत लागते आणि ब्लेडची जाडी सव्वासहा दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. फटीत ब्लेड जरा अडकून सरकलं की झालं. फीलर गेज विकत घेणाऱ्याला आमच्याकडे उधळ्या म्हणत. घासूनही काजळी निघाली नाही तर आई प्लग चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीवर लाल करून देई. पापड भाजावा तसा उलटापालटा. मला तो वास अजून येतो, तापलेलं लोखंड, तेल आणि त्याच्या खाली कालच्या फोडणीची मोहरी.

शेवटी एप्रिलात अण्णा स्टेशन रोडच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नगरात असे पुष्कळ, रणगाड्यांचं गावच ते. परीक्षा संपली होती, म्हणून अण्णांनी दादाला आणि मला बरोबर घेतलं. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलंच नाही. हात पुढे केला. अण्णांनी खिशातला काळा प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रींनी तो अंगठ्यानं पुसला, अंगठा नाकाशी नेला, मग तोच अंगठा पांढऱ्या भिंतीवर टेकवला. भिंतीवर तशा ठशांची रांगच होती.

"तेल कमी केलं का गुरुजी?"

"केलं."

"कशापायी? तेलाचा प्लग ओला असतो. चिकट. हा कोरडा हाये बघा, कंदिलाच्या काचेवरची काजळी. हे पेट्रोल जास्त होतंय. तेल कमी करून पिस्टन जाम केला असता तुम्ही, मग घाटात बसला असता दांडी धरून."

इथं मला कबूल केलं पाहिजे, की चार महिने रोज बघूनही आमच्यापैकी कुणी त्या काळ्याला हात लावून पाहिलं नव्हतं. रंग बघितला, काळा म्हटलं, संपलं. काळ्यात दोन काळे असतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मिस्त्रींनी नवा मायको प्लग लावला आणि स्वतः गाडीवर बसले. आम्ही मागून भाड्याच्या सायकलींवर. कायनेटिक चौक ओलांडून दौंड रस्त्याला लागले आणि मूठ पुरती उघडून सरळ सुटले. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम तुटला. आम्ही पोचलो तेव्हा ते कडेच्या लिंबाखाली बसून प्लग काढत होते. घरी येऊन प्लग काढला तर तो घरी येतानाच्या हळू चालीचा रंग दाखवतो, हे त्यांनी सांगितलं. भरधाव गाडीचा रंग बघायचा तर भरधाव असतानाच इंजिन बंद करायचं, गाडी नुसती घरंगळू द्यायची आणि जागच्या जागी प्लग काढायचा. नवाकोरा प्लग एका दौडीत काळा झाला होता. पलीकडे जिथं ती गाडी बनली त्या कारखान्याची भिंत दिसत होती. पाळी सुटली होती, आणि डबे लावलेली माणसं सायकलींवरून, काही लूनांवरून, आमच्याकडे बघत चालली होती. त्यांच्यापैकी एकजण थांबून म्हणाला, "मेन जेट बघा." आणि निघून गेला.

"बघतोच की," मिस्त्री म्हणाले.

कार्बोरेटरची वाटी उघडून त्यांनी जेट काढला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा पितळी तुकडा, मधोमध आरपार भोक. पेट्रोल किती जायचं ते या एका भोकावर ठरतं. त्यावर बारीक आकडा कोरलेला असतो, भोकाच्या मापाचा. मिस्त्रींनी जेट सूर्याकडे धरला, मग खिशातून नवा काढून शेजारी धरला, आणि दोन्ही अण्णांकडे दिले. अण्णांनी एक डोळा मिटला.

"आकडा तोच आहे," अण्णा म्हणाले.

"आकडा तोच हाये. भोक दुसरं हाये. ह्यात कोणी काय घातलं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे.

नाताळच्या सुट्टीत एका रविवारी अण्णा पतपेढीच्या सभेला गेले होते. गाडी अडखळत होती म्हणून दादानं कार्बोरेटर उघडला होता. अण्णांना उघडताना त्यानं शंभरदा बघितलं होतं. जेटमध्ये कचरा अडकलेला. अण्णा अशा वेळी फुंकर मारत किंवा जुन्या दाढीच्या ब्रशचा एक केस उपटून आत सरकवत. दादाला केस पटेना. त्यानं मला सांगितलं, "स्टोव्हची पिन आण." मी आणली. पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला आडवी बारीक पोलादी तार, प्रत्येक घरात काड्यापेटीशेजारी असायची ती. दादानं ती आत घातली, अडली म्हणून दाबली, फिरवली, वरखाली केली. कचरा निघाला. भोक चकचकीत दिसायला लागलं. गाडी अशी पळाली की दोघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पितळ मऊ, पोलाद कडक. हे तेव्हा सातवीच्या विज्ञानात नव्हतं, किंवा असेल तर आमचं लक्ष नव्हतं.

हिशेब मी पुढं कॉलेजात केला. समजा भोक अर्ध्या मिलिमीटरचं आहे आणि ते नुसतं पाच शतांश मिलिमीटरनं मोठं झालं, तर त्याचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. डोळ्याला दिसत नाही. प्लगला दिसतं.

अण्णा रस्त्यात काही बोलले नाहीत. घरी आले, स्वयंपाकघरात गेले, काड्यापेटीशेजारची पिन आणली आणि जुन्या जेटसकट एका बशीत ठेवून बशी ओट्यावर ठेवली. आम्ही दाराशी. आईनं बशीत बघितलं, पिन उचलली, पाहिली आणि हसायलाच लागली. थांबेना.

"अहो, निपलाचं असंच होतं की," ती म्हणाली. "पिन जोरात मारली की भोक मोठं होतं, रॉकेल जास्त येतं, ज्योत निळी राहत नाही, पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. मग नवं निपल आणायचं. मला विचारलं असतंत तर जानेवारीतच सांगितलं असतं."

तिला कुणी विचारलंच नव्हतं. चार महिने काळा प्लग तिच्याच स्टोव्हवर लाल होत होता, ती रोज आतून रंग विचारत होती, तेलाचं माप तिच्याकडे होतं, आणि तरीही गाडीचं दुखणं अंगणातलं आणि स्टोव्हचं दुखणं आतलं अशी आमची समजूत. स्टोव्हचं निपल आणि गाडीचा जेट ही सख्खी भावंडं आहेत, हे घरात एकटीला ठाऊक होतं. अण्णांनी त्या संध्याकाळी टोपणाचा अधिकार तिला परत दिला. दादाला शिक्षा म्हणून सुट्टीभर गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्यांचे प्लग साफ करून द्यायला लागले. मला पिन आणून दिल्याबद्दल काहीच नाही, आणि हे दादाला पन्नाशी उलटली तरी पचलेलं नाही.

नवा जेट बसला आणि तिसऱ्या दिवशी प्लग निघाला तेव्हा तो चहाच्या रंगाचा होता. अण्णांनी तो आत नेऊन आईला दाखवला. ती म्हणाली, "दूध जरा कमीच आहे."

त्यानंतरचं झरझर संपतं. पुण्याच्या आत्यानं कायनेटिक होंडा घेतली. तिला तेलाची टाकी वेगळी, मिसळायचं काम गाडीच करी, बटण दाबलं की सुरू. आत्या ते बटण आम्हाला दोनदोनदा दाबून दाखवी. हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, त्यांच्या पेट्रोलमध्ये तेलच नको. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि प्लगचे रंग वाचण्याची जुनी वही थोडी बदलली. निळी लूना एका दूधवाल्यानं नेली. दोन्ही बाजूंना कॅन लावून तो आणखी सहा वर्षं ती चालवत होता, हे आम्ही माळीवाड्यात बघत होतो. आता गाव अहिल्यानगर झालंय, गाड्यांची पाटी मात्र एमएच १६ च आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ई-लूना आली. भाचीनं घेतली. तिच्यात प्लगही नाही आणि जेटही नाही. दादानं तिला तीन फेऱ्या मारून बघितलं आणि खाली बसून कुठं काही उघडतं का ते शोधलं.

गेल्या दिवाळीला जुनं घर आवरताना दाराचा खिळा सापडला, टोपण नव्हतं. स्टोव्हची पिन मात्र होती, गंजलेली, काड्यापेटीच्याच जागी.

तुमच्या माळ्यावर किंवा वाड्याच्या बोळात एखादी जुनी लूना, चेतक, राजदूत झाकून ठेवलेली असेल आणि या सुट्टीत ती चालू करायचं मनात असेल, तर प्लग आधी काढा आणि नुसता बघू नका, बोटानं पुसून बघा. ओला काळा असेल तर तेलाकडे वळा, कोरडा काळा असेल तर फिल्टर आणि जेटकडे. जेट साफ करायला दाढीच्या ब्रशचा केस घ्या. पिन घालू नका.